आधी वाटा काढा, मग काटछाट करा

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करतो. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका कुटुंबात मोठं आजारपण आलं. मदत करावी असं मनापासून वाटलं, पण महिनाअखेर होती आणि खात्यात देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दोन पगार येणाऱ्या घरात ही वेळ यावी, याची मला फार लाज वाटली. तेव्हाच ठरवलं, की घरखर्च कमी करायचा आणि जमेल तेवढं गरजूंना द्यायचं. बाहेर जेवायला जाणं बंद केलं. टीव्हीवरच्या दोन वर्गण्या काढून टाकल्या. मुलांच्या वाढदिवसाचा खर्च निम्म्यावर आणला. साफसफाईच्या बाई आठवड्यातून तीनदा यायच्या, त्यांना आता एकदाच बोलावते. बिलं जपून ठेवते, रोज रात्री वहीत हिशेब लिहिते. तरी महिन्याच्या शेवटी हातात फारसं काही दिसत नाही आणि वर्षभरात दिलेली रक्कम जवळपास पूर्वीइतकीच आहे. परवा नवरा चिडून म्हणाला, "पुण्य तुझं आणि हप्ते आम्ही भरायचे का?" त्याहून मनाला लागलं ते मुलीचं वागणं. शाळेच्या सहलीचं पत्रक तिने माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. विचारलं तर म्हणाली, "तू नाहीच म्हणणार होतीस." स्वतःला चपला घेतानाही आता हात अडखळतो. एवढ्या पैशांत कुणाचं काय काय झालं असतं, हेच डोक्यात येतं. माझा हेतू चुकीचा आहे का? आणि किती दिलं म्हणजे पुरे म्हणायचं?
– एक वाचक

ताई,

तुमचा हेतू चुकीचा नाही. दुसऱ्याच्या अडचणीच्या वेळी आपला हात रिकामा असल्याची लाज वाटते, ती चांगल्या माणसालाच. बहुतेक जण चार दिवसांत ती विसरतात. तुम्ही विसरला नाहीत, वर्षभर पोटाला चिमटा काढलात. चुकला आहे तो क्रम. तुम्ही आधी काटछाट सुरू केली आणि उरेल ते द्यायचं ठरवलंत. उरेल ते द्यायचं म्हटलं, की बहुतेक घरांत काही उरतच नाही.

असं का होतं ते तुमच्याच वहीत सापडेल. बाहेरचं जेवण बंद झालं, ते पैसे खात्यात राहिले. खात्यात शिल्लक दिसली, की घरातली तुंबलेली प्रत्येक गरज डोकं वर काढते. गाडीचे टायर बदलायचे राहिले होते, ते बदलले जातात. दप्तराची चेन तुटलेली असते, नवं दप्तर येतं. कुणाचं तरी लग्न निघतं, आहेर जरा बरा होतो. यातला एकही खर्च उधळपट्टीचा नाही, म्हणून तो कुणाला खुपतही नाही. पण जेवणावर वाचलेले पैसे टायरमध्ये गेलेले असतात आणि वहीत मात्र 'बाहेरचं जेवण : शून्य' अशी समाधानाची नोंद राहते. वहीत बचत होते, बँकेत होत नाही. मागचे तीन महिने या नजरेने एकदा वाचून बघा.

म्हणून क्रम उलटा करा. द्यायची रक्कम आधी ठरवा आणि पगार जमा होईल त्याच दिवशी ती एका वेगळ्या खात्यात जाईल अशी सोय बँकेत करून ठेवा. त्या खात्याचं कार्ड घेऊ नका. मुख्य खात्यात जे राहील, ते घरचं. मग काटछाट कुठे करायची हे तुम्हाला वेगळं ठरवावं लागत नाही. पैसेच तेवढे असतात, त्यामुळे घर आपोआप त्यात बसायला शिकतं. रोज रात्री वही लिहिण्याचीही गरज राहणार नाही. खरं सांगायचं तर ती वही तुम्ही काही महिने बाजूला ठेवावी असं मला वाटतं, कारण ती आता हिशेबापेक्षा स्वतःची झडती घेण्यासाठीच जास्त वापरली जाते आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली नावाचे धर्मोपदेशक होऊन गेले. त्यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचा हिशेब सांगितला आहे. हा तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असं सहसा मानलं जातं. पहिल्या वर्षी त्याला ३० पौंड मिळाले. त्याने २८ पौंडांत भागवलं आणि २ दिले. दुसऱ्या वर्षी मिळाले ६०. भागवलं २८ मध्येच, दिले ३२. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले, ६२ दिले. चौथ्या वर्षी १२०, तेव्हा ९२ दिले. या हिशेबातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी, की त्याने एकाही वर्षी खर्च कमी केलेला नाही. तो फक्त वाढू दिला नाही. अर्थात तो एकटा जीव होता. घरात वाढती मुलं असताना खर्चाचा आकडा वर्षानुवर्षं तिथेच गोठवता येत नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. पण आहे तो खर्च कापणं जितकं टोचतं, तितकं अजून सुरूच न झालेला खर्च न करणं टोचत नाही. तुमच्या घराला या घडीला हे दुसरं औषध मानवेल.

त्याचीच आजच्या काळातली रीत रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी निवृत्तीच्या बचतीसाठी वापरून पाहिली. त्यांनी एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना आत्ता काहीच कापायला सांगितलं नाही. पुढच्या पगारवाढीतला काही हिस्सा बचतीत वळवायचा, एवढंच आधी कबूल करून घेतलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, हे कबूल केलेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात येणारा पगार कधी कमी झालाच नाही, म्हणून कुणाला त्याची झळ बसली नाही. हे दानालाही लागू पडतं. तुमच्या दोघांपैकी ज्याची पगारवाढ आधी होईल, तिच्यातला अर्धा भाग घराला आणि अर्धा द्यायच्या खात्याला, असं आजच बोलून ठेवा. वाढ हातात आल्यावर बोलायला बसलात, तर तोवर तिचे बेत झालेले असतील.

आता किती द्यायचं ते. आकडा सांगण्याआधी एका बाईंबद्दल सांगते.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, हॅटिसबर्ग नावाच्या गावात ओसिओला मॅकार्टी राहायच्या. आजारी मावशीची देखभाल करायला त्यांनी सहावीत शाळा सोडली आणि मग जन्मभर लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून पोट भरलं. १९९५ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांनी आपल्या बचतीतले दीड लाख डॉलर गावातल्या विद्यापीठाला गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी देऊ केले आणि देशभर त्यांचं नाव झालं. मला त्यांच्या रकमेपेक्षा ती ठरवण्याची पद्धत जास्त शिकण्यासारखी वाटते. आपल्यामागे पैशाचं काय करायचं ते ठरवायला त्या बँकेत गेल्या, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने त्यांच्यापुढे दहा नाणी मांडली. एक नाणं म्हणजे दहावा हिस्सा. टक्केवारीची भाषा न बोलता नाण्यांवर वाटणी सुरू झाली. एक नाणं त्यांनी आपल्या चर्चसाठी बाजूला सरकवलं, तीन नाणी तीन नातलगांसाठी, आणि उरलेली सहा विद्यापीठासाठी. जगाला ते सहा हिस्से दिसले. पण त्यांनी आपली माणसं आधी मोजली होती. शिवाय ते दान त्यांच्या पश्चात लागू व्हायचं होतं, हयातीत त्यांच्या आधाराला धक्का लागणार नव्हता. द्यायची इच्छा आणि स्वतःची काळजी या दोन्ही गोष्टी त्या एकाच टेबलावर बसल्या होत्या.

हाच प्रकार तुम्ही घरी करा. एखाद्या रविवारी, कुणालाही घाई नसताना, चौघं टेबलाशी बसा आणि पन्नास नाणी किंवा पन्नास बटणं मांडा. महिन्याचं एकूण उत्पन्न म्हणजे ही पन्नास. घराचा हप्ता किंवा भाडं, प्रवास, किराणा, शाळा, औषधपाणी आणि विमा, अडीनडीसाठीची शिल्लक, हौसमौज, यांच्या ढिगाऱ्या करा. मुलांच्या हातून करू द्या. नऊ वर्षांच्या मुलालाही घराचा हप्ता किती नाणी खातो ते एका नजरेत कळतं, आणि 'आपल्याकडे पैसे नाहीत' या अर्धवट वाक्यातून मुलांच्या मनात बसते ती भीतीही बरीच कमी होते. मग विचारा, यातलं एक नाणं दुसऱ्यांसाठी ठेवायचं तर ते कुठल्या ढिगातून घ्यायचं? तुम्ही सुचवू नका. पहिली सूचना नवऱ्याकडून किंवा मुलांकडून येईपर्यंत थांबा, थोडा वेळ शांततेत गेला तरी चालेल.

पन्नासातलं एक म्हणजे दोन टक्के. एवढ्यावरच सुरुवात करा. हा आकडा तुम्हाला फार लहान वाटेल. जगभरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली मापं याहून मोठी आहेत. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत उत्पन्नाचा दहावा हिस्सा, शिखांमध्ये दसवंध म्हणजे तोच दहावा, इस्लाममध्ये जकात म्हणजे वर्षभर राहिलेल्या, ठरावीक मर्यादेपुढच्या संपत्तीच्या अडीच टक्के. ऑक्सफर्डमधले तत्त्वज्ञ टोबी ऑर्ड यांनी २००९ मध्ये 'गिव्हिंग व्हॉट वी कॅन' ही संस्था सुरू केली, तिच्या प्रतिज्ञेतही निदान दहा टक्केच आहेत. या परंपरा एकमेकींपासून किती वेगळ्या, तरी त्यांच्यात एक साम्य आहे : सगळ्यांनी एक ठरलेलं माप सांगितलं. वाट्टेल तेवढं द्या आणि सतत अपराधी वाटून घ्या, असं यांतल्या एकाही मापाचं म्हणणं नाही. गॅलिलीतल्या उशा गावी दुसऱ्या शतकात ज्यू धर्मपंडितांनी तर वरची मर्यादाही घातली. कितीही उदार माणूस असला तरी त्याने पाचव्या हिश्शाहून जास्त देऊ नये, नाहीतर उद्या त्यालाच दुसऱ्यांपुढे हात पसरावा लागेल, असा तो नियम होता. देणाऱ्याच्या घराचा विचार हा दानाच्याच विचाराचा भाग आहे, हे त्यांना नीट कळलं होतं.

मी दोन टक्के म्हणते, कारण तुमच्या घरात सध्या पैशांपेक्षा भरवसा कमी पडतो आहे. दहा टक्के एकट्याच्या हट्टाने चार महिने चालतील. दोन टक्के चौघांच्या संमतीने सुरू झाले, तर दर पगारवाढीला वाढत वाढत काही वर्षांत दहाच्या जवळ पोचू शकतात. आणि तुम्हीच लिहिलं आहे, की वर्षभर एवढा त्रास काढून दिलेली रक्कम जवळपास वाढलेलीच नाही. मग हे दोन टक्के या महिन्यापासून नक्की जाणार आहेत, हे लहान कसं?

यजमानांच्या वाक्याबद्दल. ते बोलले ते लागण्यासारखं होतं, पण त्यात त्यांची खरी तक्रार आहे आणि ती मला पटते. बाहेरचं जेवण, वाढदिवस, टीव्ही, हे सगळे घराचे सामाईक खर्च होते. ते बंद करण्याचा निर्णय तुम्ही एकटीने घेतलात. दान ही स्वतःच्या वाट्यातून करायची गोष्ट आहे. तुमच्या पगारातला जो भाग फक्त तुमच्यासाठी आहे, कपडे, प्रवास, छंद, मैत्रिणींबरोबरची भटकंती, त्यातली पदरमोड तुम्ही हवी तेवढी करा, त्याला कुणाची परवानगी नको. सामाईक पैशांना मात्र दोघांचा होकार हवा. शक्य असेल तर पैशांचे तीन कप्पेच करून टाका : घराचा, तुमचा आणि त्यांचा. त्यांच्या कप्प्यातून ते काय घेतात याकडे बघायचं नाही, मनातल्या मनातही हिशेब करायचा नाही. हे तुम्हाला जड जाईल, कारण ज्याला देण्याची ओढ लागते त्याला दुसऱ्याचा साधा खर्चसुद्धा दिसायला लागतो. पण ती नजर घरात फिरायला लागली की माणसं तिच्यापासून लपायला लागतात.

तुमच्या मुलीने नेमकं तेच केलं. तिने पत्रक लपवलं ते लबाडीने नाही. आपण मागितलं तर आईच्या चांगल्या कामात विघ्न येईल, असा तिचा समज झाला असणार. तेरा वर्षांच्या मुलीने आपली इच्छा स्वतःच मारून टाकणं हे मला तुमच्या पत्रातलं सर्वांत काळजीचं वाटलं. तिच्याशी या आठवड्यातच बोला. सहलीला ती जाईल, हे आधी सांगा, आणि मगच बाकीचं. तिला स्पष्ट सांगा, की घरात कुठल्या खर्चाला नाही म्हणायचं हे ठरवणं आई-बाबांचं काम आहे. विचारणं हे तिचं काम, आणि ते तिने कधीही थांबवायचं नाही.

मुलांना देण्याची गोडी लागावी असं तुम्हाला वाटतं, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी दिसतं. पण गेलं वर्षभर दान त्यांच्यापर्यंत फक्त 'नाही' बनून पोचलं. वाढदिवस लहान झाला, बाहेर जाणं थांबलं. कुणाला दिलं, त्याचं काय झालं, हे त्यांनी पाहिलंच नाही. एलिझाबेथ डन, लारा ॲकनिन आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी कॅनडात केलेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले. काहींना ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करायला सांगितले, काहींना दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी जास्त आनंदात होते, आणि रक्कम पाच होती की वीस याने काही फरक पडला नाही. विशेष म्हणजे ज्यांना नुसता अंदाज विचारला, त्यांतल्या बहुतेकांनी उलट सांगितलं : स्वतःवर खर्च केला तर जास्त आनंद होईल, आणि वीस डॉलरमध्ये तर नक्कीच. म्हणजे हा आनंद सांगून कळत नाही, स्वतःच्या हाताने देऊन बघावं लागतं. तेव्हा ठरलेल्या दोन टक्क्यांतला थोडा भाग मुलांच्या निवडीवर सोडा. मुलाने प्राण्यांसाठी म्हटलं तर प्राण्यांसाठी. तुम्हाला त्याहून गरजेचं काही दिसत असलं तरी त्याची निवड बदलू नका.

आता काटछाटीकडे येते. तुमच्या यादीतली एक गोष्ट वाचून मी थांबले : साफसफाईच्या बाई. तीन दिवसांचं काम एका दिवसावर आलं, म्हणजे तुमच्या घरून त्यांना मिळणारा पैसा बहुधा तिसऱ्या हिश्शावर आला. तो त्यांनी कुठून भरून काढला असेल? गरजूंना द्यायचे पैसे आपण एका कष्टकरी बाईच्या मजुरीतून काढले, असा याचा अर्थ होतो. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे मला माहीत आहे, पण हिशेब तसाच निघतो. काम खरंच कमी झालं असेल तर गोष्ट निराळी. नाहीतर ते दोन दिवस त्यांना परत द्या, आणि ते दानाच्या खात्यात न धरता घरखर्चातच धरा. आणखीही असंच : शिकवणीच्या ताईंची फी, कपडे शिवणाऱ्यांची शिलाई, घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्यांची मजुरी. यात घासाघीस करून चार पैसे वाचवणं आणि ते दुसरीकडे दान देणं मला कधीच पटलं नाही. ज्यांचं पोट आपल्या घरखर्चावर अवलंबून आहे, त्यांच्यावर काटकसर नको.

विम्याचा हप्ता, दातांची तपासणी, डोळ्यांचा नंबर, गाडीचे ब्रेक, यांनाही हात लावू नका. पुढे ढकललेला दवाखाना शेवटी दुपटीने वसूल करतो. तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक तुमच्याकडे नसेल, तर ती आधी उभी करायला लागा. त्याबरोबर दोन टक्के चालू राहू द्या. पण ती शिल्लक होईपर्यंत दान वाढवू नका. क्रेडिट कार्डाची थकबाकी व्याजाने वाढत असेल तर तिलाही हेच लागू.

मग कापायचं कुठे? मोठ्या ढिगांकडे बघा. अमेरिकेत सरकार कुटुंबांच्या खर्चाची दरवर्षी पाहणी करतं. तिथे घर, प्रवास आणि अन्न या तीनच गोष्टी मिळून एकूण खर्चाच्या साठ टक्क्यांहून जास्त होतात. आकडे जागोजागी बदलतील, पण बहुतेक घरांत मोठा पैसा अशाच दोन-तीन जागी असतो. टीव्हीची वर्गणी काढून टाकली, की रोज संध्याकाळी घरातल्या चौघांना ते जाणवतं आणि वाचतं फार थोडं. उलट गृहकर्जाचा व्याजदर एकदा बँकेशी बोलून कमी करून घेतला, दुसरी गाडी विकली, किंवा नवी घ्यायची ती दोन वर्षं पुढे ढकलली, तर मोठी रक्कम सुटते आणि रोज कुणाला काही सोसावं लागत नाही. वर्षातून एक शनिवार कर्ज, विमा, फोन आणि विजेचे करार घेऊन बसलात तर वर्षभराच्या रोजच्या चिमट्यांहून जास्त हाती लागेल. बाहेरचं जेवण महिन्यातून एकदा पुन्हा सुरू करा. मला ते तुमच्या घराला हवंच आहे असं वाटतं.

छोट्या खर्चांसाठी एकच सांगते. ज्या खरेदीत तुमचा हात सुटतो, ती रोखीने करा. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर लोकांना बोली लावायला सांगितली होती. कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांनी रोख देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावली. तिकिटं तीच होती.

चपलांचं आता सोपं झालं असेल. द्यायचा वाटा पगाराच्या दिवशीच निघून गेला, की उरलेले पैसे घराचे आणि तुमचे. दुकानात उभं राहून प्रत्येक वस्तूवर पुन्हा नव्याने न्यायनिवाडा करायचा नाही. तो महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी झालेला आहे. टिकाऊ, पायाला आराम देणाऱ्या चपला घ्या. पाय दुखत असलेलं माणूस जास्त उदार होत नाही. तरीही आकडा कमी वाटत राहिला, तर सहा महिन्यांनी चौघं पुन्हा टेबलाशी बसाल तेव्हा तो वाढवायचा प्रस्ताव मांडा. तोपर्यंत मनाला सांगा, की हा विषय त्या दिवशी निघेल.

द्यायच्या पैशांचे दोन भाग करा. मोठा भाग एक-दोन संस्थांना दर महिन्याला ठरावीक जाऊ द्या. कधीतरी येणाऱ्या मोठ्या देणगीपेक्षा दरमहा येणारी लहान रक्कम संस्थेला जास्त उपयोगी पडते, कारण तिच्या भरवशावर माणूस नेमता येतो, औषधांची मागणी नोंदवता येते. संस्था निवडताना तिचं काम काय, ते कुणापर्यंत पोचतं, हिशेब उघड करते का, हे विचारा. 'कार्यालयाचा आणि पगाराचा खर्च किती टक्के' एवढ्याच आकड्यावर जाऊ नका. अमेरिकेत देणगीदारांना संस्थांची माहिती पुरवणाऱ्या तीन मोठ्या संस्थांच्या प्रमुखांनी २०१३ मध्ये एकत्र खुलं पत्र लिहून हेच सांगितलं होतं, की त्या एका टक्केवारीवरून संस्थेचं मोल ठरवू नका. चांगलं काम करायला चांगली माणसं लागतात आणि त्यांनाही घर चालवायचं असतं.

दुसरा, लहान भाग मात्र खात्यातच साठू द्या. हा अचानक येणाऱ्या हाकेसाठी. गेल्या वर्षी तुमच्याकडे नेमकं हेच नव्हतं. वर्षभरात बऱ्यापैकी रक्कम जमते, आणि पुढच्या वेळी कुणाच्या घरी आजारपण आलं तर महिनाअखेर असली तरी तुम्हाला वाट बघावी लागणार नाही. या भागातून ओळखीच्यांना काही दिलंत, तर ते उसने म्हणून देऊ नका. त्यांनी स्वतःहून परत केले तर ते पुन्हा त्याच खात्यात टाका. नाही केले तर विषय काढू नका, म्हणजे नातं शाबूत राहील. घरातल्या जुन्या वस्तू देणं यात मोजू नका. ते चांगलंच आहे, पण समोरच्याला विचारून द्या, नाहीतर त्यांच्या दारात नको असलेल्या सामानाचा ढीग होतो.

आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा चौघं बसा. कुणाची नोकरी गेली, पगार थकला, घरात आजारपण आलं, तर त्या काळापुरता वाटा कमी करा किंवा थांबवा. त्यात कमीपणा मानू नका. ज्या संस्थेला दरमहा देत असाल तिला शक्य तर महिनाभर आधी दोन ओळी लिहून कळवा, म्हणजे त्यांना दुसरी तजवीज करायला वेळ मिळेल. पुन्हा सुरू करायची वेळ आली, की त्याच रकमेपासून करा, मधल्या महिन्यांची भरपाई करू नका.